ऐंशी टक्के कोणी मोजले?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही जैवविविधतेवर बोलत होतो. बोलण्याच्या ओघात आम्ही एक वाक्य सांगितले: जगातील आदिवासींच्या ताब्यात जमीन थोडी आहे, पण जगातील ऐंशी टक्के जैवविविधता त्यांच्याच प्रदेशात टिकून आहे. वाक्य ऐकायला छान होते. श्रोत्यांनी माना डोलावल्या, काहींनी ते वहीत टिपूनही घेतले. चहाच्या सुट्टीत मागच्या रांगेत बसलेल्या एक बाई आमच्याजवळ आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी विचारले, "सर, हे ऐंशी टक्के कोणी मोजले? आणि यातले शंभर टक्के म्हणजे किती?"

हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत येतो, असे आम्ही सांगितले. ते खरेही होते. पण तो प्रश्नाचा जबाब नव्हता. बाई "बरं" म्हणून निघून गेल्या. आपण उत्तर टाळले, हे त्यांच्याइतकेच आम्हालाही कळले होते.

सप्टेंबर २०२४मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात नेमका हाच प्रश्न विचारणारे एक टिपण प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्यांत काही संशोधक स्वतः आदिवासी समाजांतले होते. ऐंशी टक्क्यांचा उगम शोधत ते शेकडो कागदपत्रांतून मागे मागे गेले. एका अहवालात दुसऱ्याचा हवाला, दुसऱ्यात तिसऱ्याचा. जागतिक बँकेच्या २००८च्या एका अहवालात तर '२२ टक्के जमीन आणि ८० टक्के जैवविविधता' अशी जोडीच दिली आहे. पण या साखळीच्या टोकाशी मोजणी अशी कोणतीच सापडली नाही. सापडणे शक्यही नव्हते. आजवर विज्ञानाने नाव देऊन नोंदलेल्या जाती सुमारे २० लाख आहेत. पृथ्वीवर एकूण किती असाव्यात, याचा २०११मधला एक बहुचर्चित अंदाज ८७ लाखांचा आहे आणि इतरांचे अंदाज याहून बरेच वेगळे आहेत. शिवाय जैवविविधता म्हणजे केवळ जातींची संख्या नव्हे. एकाच जातीतील वाणांची विविधता आणि परिसंस्थांची विविधताही तिच्यात येते. ज्याचे शंभर टक्के ठाऊक नाहीत, त्याचे ऐंशी टक्के कसे काढणार? गणिताच्या बाईंनी चहाच्या कपासोबत हेच विचारले होते.

आता प्रश्न असा, की एवढा आधारहीन आकडा इतकी वर्षे टिकला कसा? आमच्या मते, त्याच्यामागे एक फार आकर्षक विचार उभा आहे म्हणून. निसर्गाची विविधता आणि माणसांच्या संस्कृतींची विविधता एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत, एक गेली की दुसरीही जाणार, असा तो विचार. आज आंतरराष्ट्रीय संवर्धन-धोरणात त्याला मानाचे स्थान आहे. या लेखात तो तपासून पाहायचा आहे. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो जिथे खरा आहे तिथे फार मोलाचा आहे, आणि म्हणूनच तो ढिलेपणाने वापरला जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

विचार आला कुठून?

१८७२मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळच्या लोकांना पुढच्या काही वर्षांत बाहेर काढण्यात आले. 'निसर्ग राखायचा तर माणूस बाहेर हवा' हा पायंडा तिथून जगभर गेला. आपल्याकडची अभयारण्येही बऱ्याच अंशी त्याच वळणाने आखली गेली.

याला विरोध वाढत गेला आणि १९८८मध्ये ब्राझीलमधील बेलेम या शहरात जमलेल्या लोकवनस्पतिशास्त्रज्ञांनी व मानववंशशास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सांस्कृतिक आणि जैविक विविधता यांच्यात अतूट नाते आहे, असे त्यात म्हटले होते. या परिषदेचे प्रमुख संयोजक डॅरेल पोझी यांनी ॲमेझॉनमधील कायापो लोकांत अनेक वर्षे काम केले होते. पुढे १९९२मध्ये रिओ दि जानेरो येथे जैवविविधता करार झाला. त्याच्या कलम ८ (जे) नुसार, पारंपरिक जीवनपद्धतीने राहणाऱ्या स्थानिक समाजांचे ज्ञान आणि प्रथा जपणे ही सदस्य देशांची जबाबदारी ठरली. १९९६मध्ये 'टेरालिंग्वा' ही संस्था निघाली आणि 'जैवसांस्कृतिक विविधता' हा शब्द रुळला. युनेस्कोच्या २००१च्या जाहीरनाम्यात सांस्कृतिक विविधतेची थेट जैवविविधतेशी तुलना केली आहे. २०१०मध्ये युनेस्को आणि जैवविविधता कराराचे सचिवालय यांनी या नात्यावर संयुक्त कार्यक्रमच हाती घेतला. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियल येथे ठरलेल्या नव्या आराखड्यात २०३०पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग राखण्याचे उद्दिष्ट आहे आणि आदिवासींच्या पारंपरिक प्रदेशांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. २०२४मध्ये कोलंबियातील काली येथे कलम ८ (जे) साठी एक कायमस्वरूपी मंडळ नेमायचे ठरले.

हा सारा प्रवास माणसांना हाकलण्याकडून त्यांना सोबत घेण्याकडे झाला, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आमची टीका त्याच्या हेतूवर नाही. हेतू चांगला असला की पुरावा कमी चालतो, ही जी समजूत या प्रवासात शिरली आहे, तिच्यावर आहे. याचे एक उदाहरण अगदी सुरुवातीलाच सापडते. गवताळ माळावर कायापो लोक स्वतः झाडांची बेटे तयार करतात, असे पोझी यांनी १९८५च्या सुमारास लिहिले होते. ते उदाहरण जगभर गाजले. १९९२मध्ये यूजीन पार्कर या अभ्यासकाने त्याच भागात काम करून ही बेटे मुख्यतः नैसर्गिक आहेत असा आक्षेप घेतला. पोझींनी त्याला उत्तरही दिले. वाद रीतसर झाला, पण उदाहरण गाजले होते तितका वाद गाजला नाही.

नकाशा काय सांगतो?

या विचाराच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो नकाशांचा. २०१२मध्ये गोरेनफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सुमारे ६,९०० भाषांचे नकाशे जैवविविधतेने संपन्न प्रदेशांच्या नकाशांवर ठेवून पाहिले. ज्यांना 'हॉटस्पॉट' म्हणतात अशा ३५ प्रदेशांत ३,२०२ भाषा आढळल्या. त्याशिवाय पाच विस्तीर्ण वन्य प्रदेशांत आणखी १,६२२ भाषा होत्या. बेरीज ४,८२४, म्हणजे एकूण भाषांपैकी सुमारे ७० टक्के. हे ७० टक्के त्या ८० टक्क्यांसारखे नाहीत. इथे शंभर टक्के म्हणजे किती हे माहीत आहे आणि मोजणी कशी केली हेही छापलेले आहे.

पण या नकाशातून नेमके काय सिद्ध होते? हॉटस्पॉटची व्याख्या पाहा. ज्या प्रदेशात किमान १,५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती आहेत आणि ज्याचे मूळचे वनस्पती-आवरण किमान ७० टक्के नष्ट झाले आहे, तोच प्रदेश हॉटस्पॉट. आपला पश्चिम घाट श्रीलंकेसह त्यांपैकीच एक. म्हणजे जगातील जवळजवळ निम्म्या भाषा अशा प्रदेशांत आहेत, जिथले बहुतेक मूळ आवरण आधीच गेले आहे! भाषा टिकल्या की निसर्ग टिकतो असे साधे समीकरण असते, तर हे व्हायला नको होते. हा विनाश त्या भाषा बोलणाऱ्यांनीच केला असे याचा अर्थ लावणेही तितकेच चुकीचे ठरेल. पुष्कळ ठिकाणी तो बाहेरून आलेले मळेवाले, लाकूडवाले आणि सरकारे यांनी केला आहे. मुद्दा एवढाच, की दोन गोष्टी नकाशावर शेजारी दिसतात म्हणून एक दुसरीला राखते, असे म्हणता येत नाही. या अभ्यासाच्या लेखकांनीही कारणांबाबत सावधच भूमिका घेतली आहे. सावधपणा सुटला तो त्यांचा आकडा पुढे नेणाऱ्यांकडून.

छत्री आणि बेडूक

वर्गात हे समजावताना आम्ही एक सोपे उदाहरण घेतो. जून महिन्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि बेडकांचे ओरडणेही वाढते. दोन्हींचा आलेख काढला तर सुरेख सहसंबंध मिळेल. म्हणून छत्र्या विकत घेतल्या की बेडूक ओरडतात, असे कोणी म्हणणार नाही. दोन्हींमागे पाऊस आहे.

गंमत अशी की भाषा आणि जाती यांच्यामागेही पाऊसच असावा, असे मानायला जागा आहे. डॅनियल नेटल यांनी १९९८मध्ये असे दाखवले, की जिथे पिकांचा हंगाम वर्षभर चालतो तिथे भाषांची संख्या जास्त असते. त्यांचे स्पष्टीकरण साधे आहे. बारमाही पाऊस असेल तर लहानसा समूहही आपल्यापुरते पिकवून स्वयंपूर्ण राहतो. कोरड्या, बेभरवशाच्या प्रदेशात दुष्काळाच्या वर्षी दूरच्या लोकांची मदत लागते, देवघेव वाढते आणि एकच भाषा लांबवर पसरते. पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा का आहेत, याचे हे निदान एक कारण असू शकते. आणि भरपूर पाऊस व ऊब जिथे असते तिथेच वनस्पती आणि प्राणी यांच्या जातीही जास्त असतात.

२००३मध्ये विल्यम सदरलँड यांनी याच्या पुढची पायरी तपासली. धोक्यातील जातींसाठी वापरले जाणारे निकष त्यांनी भाषांना लावले. भाषा या पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षाही अधिक धोक्यात आहेत, असे त्यांना दिसले. भाषा, पक्षी आणि सस्तन प्राणी यांची विविधता कुठे जास्त, हे ठरवणारे घटक साधारण सारखेच निघाले. मात्र प्राण्यांना धोका कुठे जास्त हे ज्या घटकांवरून सांगता येते, त्यांच्यावरून भाषांना धोका कुठे जास्त हे सांगता येत नव्हते.

धोरणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष कळीचा आहे. दोन रुग्ण एकाच गावचे असले तरी त्यांचे आजार वेगळे असू शकतात. जंगल तोडले, पाणथळ बुजवली, शिकार झाली की जात संपते. आई-वडील मुलांशी ती भाषा बोलेनासे होतात तेव्हा भाषा संपते. जंगल जसेच्या तसे उभे असतानाही असे घडू शकते. एकाच औषधाने दोघे बरे होतील अशी आशा धरून बसलो, तर दोघांकडेही दुर्लक्ष होण्याची भीती आहे.

मग नाते मुळी नाहीच का? आहे. पण ते जगाच्या नकाशावर शोधून सापडत नाही. एखाद्या जागी, एखाद्या रोजच्या कामात ते सापडते. अशी दोन उदाहरणे पाहू.

भरतपूरच्या म्हशी

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पक्ष्यांचे उद्यान जगप्रसिद्ध आहे. ते मुळात माणसाने बांध घालून, पाणी वळवून घडवलेले पाणथळ क्षेत्र आहे. आसपासच्या गावांची गुरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाले की कायद्याने चराई बंद होते. १९८२मध्ये ती बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या वेळी बहुतेक तज्ज्ञांचे मत बंदीच्याच बाजूचे होते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात तिथे सुमारे दहा वर्षे अभ्यास केला. निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. म्हशी थांबल्यावर पास्पालम जातीचे गवत माजले आणि त्याने उथळ पाणी व्यापून टाकले. मोकळे पाणी कमी झाले. पाणपक्ष्यांना अन्न शोधणे अवघड झाले. म्हशी म्हणजे निसर्गातला अडथळा असे ज्यांना वाटले होते, त्यांनाच म्हशी हा त्या परिसंस्थेचा चालू भाग होता, हे मान्य करावे लागले.

या गावकऱ्यांची वेगळी भाषा नव्हती, वेगळा धर्म नव्हता. कोणत्याही आंतरराष्ट्रीय यादीत त्यांची नोंद 'मूलनिवासी' म्हणून झाली नसती. जैवसांस्कृतिक नकाशावर भरतपूरला रंगही मिळाला नसता. तरीही माणूस आणि निसर्ग यांचे नाते तिथे प्रत्यक्ष होते, आणि ते म्हशींच्या पायांखाली होते. 'पारंपरिक', 'आदिवासी', 'विविध संस्कृती' अशा पाट्या पाहून नाते शोधू लागलो की अशी साधी माणसे चाळणीतून खाली पडतात.

सोलिगांची आग

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांत सोलिग आदिवासी राहतात. पूर्वी ते कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला जमिनीवरचा पालापाचोळा पेटवत. ही आग ठेंगणी, चटकन पुढे सरकणारी असे. १९७४मध्ये अभयारण्य झाल्यावर आग लावणे बंद झाले. सोलिग सांगतात, की तेव्हापासून घाणेरीचे, म्हणजे टणटणीचे रान माजले आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले.

हे म्हणणे संशोधकांनी नुसते टिपून घेतले नाही. त्यांनी ते तपासायला घेतले. १९९७ आणि २००८ या दोन वर्षांची तुलना केली तेव्हा घाणेरी जवळपास दुप्पट ठिकाणी पसरलेली दिसली. सोलिगांचे निरीक्षण पक्के होते. त्यामागची क्रियाही समजण्यासारखी आहे. घाणेरी विरळ असताना ठेंगणी आग तिची रोपे आणि बिया मारू शकते.

मग आग लावायला पुन्हा परवानगी दिली की झाले? इथेच खरी अडचण आहे. आता घाणेरीची जाळी पुरुषभर उंच झाली आहे. ती पेटली तर आग ठेंगणी राहत नाही. ती वर चढते आणि मोठ्या झाडांना होरपळते. घाणेरी मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणजे जी प्रथा एका परिस्थितीत जंगल राखत होती, तीच बदललेल्या परिस्थितीत त्याला इजा करू शकते. पारंपरिक ज्ञान म्हणजे कपाटात ठेवलेला ग्रंथ नव्हे. ते विशिष्ट जंगलासाठी, विशिष्ट परिस्थितीतले ज्ञान असते. जंगल बदलले की ते पुन्हा तपासावे लागते, आणि ते तपासण्याचे काम सोलिगांना वगळून होणार नाही. आपल्या धोरणांत 'पारंपरिक ज्ञानाचा आदर' असे शब्द असतात. आदर म्हणजे न तपासता मान डोलावणे, असा त्याचा अर्थ लावला जातो. आम्हाला वाटते, एखाद्याचे म्हणणे तपासण्याइतके महत्त्वाचे मानणे हाच त्याचा खरा आदर.

ज्ञान कोणाचे?

कलम ८ (जे) मध्ये 'समाज' हा शब्द एकवचनी, एकसंध असल्यासारखा येतो. प्रत्यक्षात काय होते, हे केरळातील काणी आदिवासींच्या उदाहरणातून कळते. १९८७च्या डिसेंबरमध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ अगस्त्य डोंगरात हिंडत होते. चढ चढून शास्त्रज्ञ थकले, पण वाटाडे काणी तरुण कसलीशी फळे खात ताजेतवाने राहिले. खूप आग्रह केल्यावर त्यांनी वनस्पती दाखवली, ती आरोग्यपच्च. संशोधनात तिच्या पानांतही थकवा घालवणारी द्रव्ये सापडली आणि 'जीवनी' हे औषध तयार झाले. १९९५मध्ये त्याचे तंत्र कोइमतूरच्या एका औषध कंपनीला सात वर्षांसाठी देण्यात आले. दहा लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरले. संस्थेने या रकमेतील निम्मा वाटा काणींना देण्याचे कबूल केले आणि १९९७मध्ये त्यासाठी काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला. आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२मध्ये आला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणून जगभर तिचे कौतुक झाले.

पण काणी अनेक वस्त्यांत विखुरलेले आहेत. ज्ञान सांगितले दोघा-तिघांनी. त्यांच्यातील वैद्यकी जाणणाऱ्या काही प्लाथींनी आक्षेप घेतला, की हे ज्ञान असे बाहेर द्यायचे नव्हते. दूरच्या वस्त्यांना सुरुवातीला काही पत्ताच नव्हता. त्यातच ही वनस्पती दुर्मीळ, तेव्हा जंगलातून पाने काढण्यावर वनखात्याने हरकत घेतली. हा प्रयोग चुकला असे आम्ही म्हणणार नाही. संस्थेने कायदा नसताना वाटा दिला, ही मोठी गोष्ट होती. पण 'समाजाचे ज्ञान' या शब्दांत किती गाठी आहेत, ते यातून दिसते. कोणाला विचारायचे, नाही म्हणण्याचा हक्क कोणाला, पैसे कोणी वाटायचे, ही संस्कृतीच्या गौरवाने सुटणारी कोडी नाहीत.

हक्क कशाच्या आधारावर?

आता आमच्या मुख्य आक्षेपाकडे येऊ. कराराची भाषा ज्ञान आणि हक्क यांना 'पारंपरिक जीवनपद्धती'शी जोडते. ही जोडणी वरवर सन्मानाची वाटते, पण तिच्यात एक सापळा आहे. ज्याने मोटारसायकल घेतली, ज्याची मुलगी परिचारिका झाली, ज्याच्या घरावर पत्रे आले, त्याची जीवनपद्धती पारंपरिक उरली का? नसेल, तर त्याच्या जंगलावरचा त्याचा हक्क कमी झाला का? अशा धोरणात माणसाला हक्क टिकवण्यासाठी जुनेच राहावे लागते. आपण स्वतः कोणत्या अटीवर आपल्या घराचे मालक आहोत, याचा विचार केला की यातला अन्याय लक्षात येतो.

'नेचर'मधल्या टिपणाचा इशाराही याच दिशेचा होता. आकडा खोटा ठरला की त्यावर उभा केलेला हक्काचा दावाही डळमळतो, आणि ज्यांना आदिवासींच्या जमिनी हव्या आहेत त्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. खरे तर पक्के आकडे उपलब्ध आहेत. २०१८च्या एका अभ्यासाने ८७ देशांतील नकाशे एकत्र करून दाखवले, की जगातील किमान ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक, आदिवासी समाजांच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे. जमिनीवरील संरक्षित क्षेत्रे आणि फारसा हस्तक्षेप न झालेले प्रदेश यांचा सुमारे ४० टक्के भाग या जमिनीत येतो. हे बोलायला पुरेसे आहे. ८० टक्क्यांची गरज नव्हती.

पण त्याहून महत्त्वाचे असे, की हक्काला आकड्याचा टेकू लागूच नये. याबाबत आपल्या देशाच्या २००६च्या वनहक्क कायद्याची मांडणी आम्हाला अधिक सरळ वाटते. त्यातही 'पारंपरिक वननिवासी' हा शब्द आहे. पण कायदा विचारतो ते हे, की तुम्ही १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून इथे राहता का आणि या जंगलावर तुमची उपजीविका आहे का. आदिवासी नसलेल्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवायचा असतो. ही अट कडक आहे आणि तिच्यावर टीकाही होते. तरीही ती तपासता येते. तुमची संस्कृती किती शुद्ध, असे तिथे कोणी विचारत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या काही गावांपैकी हे एक. २०११मध्ये गावाने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. हिशेब, निविदा, बँकेतले खाते हे सारे आले. यात 'पारंपरिक' असे काय होते? फारसे काही नाही. पण तोड किती, केव्हा, कुठे, हे ग्रामसभेत बसून, सगळ्यांच्या संमतीने ठरत होते. तो निर्णय चुकला तर त्याची झळ त्याच गावाला लागणार होती. आमच्या मते संस्कृती आणि जंगल यांच्यातला खरा दुवा इथे आहे. जो जंगलाजवळ राहतो त्याला निर्णयाचा हक्क आणि त्याच्या परिणामाची जबाबदारी असणे, हा तो दुवा. भाषा, देव, नृत्य हे सारे मोलाचे आहे आणि स्वतःच्या बळावर जपण्याजोगे आहे. त्यांना जंगलाचे पहारेकरी म्हणून नोकरीला लावण्याची गरज नाही.

शाळेत काय करता येईल?

जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात या नोंदवह्यांची सुरुवात केली तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी त्यात मोठ्या उत्साहाने उतरले होते. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ही मुदत घालून दिली आणि अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने पुऱ्या झाल्या. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही मागून घ्या आणि आठवी-नववीच्या मुलांसमोर ठेवा. त्यातली कोणतीही दहा विधाने निवडा. 'अमुक झाडाची साल जनावरांच्या अमुक आजारावर देतात', 'देवराईतली झाडे कोणी तोडत नाही' अशी. प्रत्येक विधानासमोर चार रकाने आखा: हे कोणी सांगितले? त्यांनी स्वतः केव्हा पाहिले? दुसऱ्या कोणी वेगळे सांगितले का? आपल्याला ते कसे तपासता येईल?

मुले देवराईत जातील. कुठे झाडे खरोखर उभी दिसतील. कुठे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जुने वृक्ष विकल्याचे आणि दगडी देवावर सिमेंटचे छप्पर आल्याचे आजी-आजोबा सांगतील. दोन्ही नोंदवायचे. यात गावाची बदनामी नाही आणि कौतुकही नाही. नोंद खरी असली तर उद्या खाण किंवा रस्ता गावाच्या दारात आला तेव्हा गावाला ती दाखवता येईल. पाठ केलेला आकडा तेव्हा उपयोगी पडणार नाही.

त्या शिबिरात ज्यांनी ज्यांनी आमचे वाक्य वहीत टिपून घेतले होते, त्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी ते खोडावे. आणि वर्गात मागच्या बाकावरून कोणी "सर, मोजले कोणी?" असे विचारले, तर आमच्यासारखे अहवालाचे नाव सांगून सुटका करून घेऊ नये.